अंगणातली दुर्बीण

बायकांचं आणि रात्रीच्या आभाळाचं नातं तसं जुनंच. लग्नात नवरीला अरुंधतीचा तारा दाखवतात. संकष्टीला चंद्र उगवल्याशिवाय ताटावर बसता येत नाही. कोजागरीला दुधात चांदणं पडावं लागतं. पण हे सगळं बघणं पूजेपुरतं. उपास सुटला, की मान खाली आणि पुन्हा ओटा, भांडी, उद्याचा डबा. नुसती हौस म्हणून रात्री दोन तास अंगणात आभाळाखाली बसलेली बाई तुमच्या गल्लीत कधी पाहिलीय?

आमच्या गल्लीत अशी एक बाई आहे. ती म्हणजे मी.

निमित्त झालं भिशीचं. माझ्या नावाची भिशी निघाली आणि त्यात थोडे साठवलेले घालून मी दुर्बीण घेतली. सासूबाईंचं म्हणणं रोखठोक होतं, ‘‘अवं, सोन्याचं काही केलं असतं त अडीनडीला मोडता तरी आलं असतं!’’ त्यांचं चुकीचं नव्हतं. आपल्याकडे बाईच्या पैशाला दोनच वाटा ठाऊक, एक सराफाकडे जाणारी आणि दुसरी मुलांच्या फीकडे. तिसरी वाट आभाळाकडे जाते, हे घरात पटायला वेळ लागणारच.

दुर्बीण म्हटलं, की लांब नळी आणि तिला एक डोळा लावून बसलेला दाढीवाला शास्त्रज्ञ असं चित्र डोळ्यासमोर येतं. ही तशी नाही. सीस्टार एस-५० असं तिचं नाव. चिनी कंपनीची ही दुर्बीण २०२३ मध्ये बाजारात आली, तेव्हा किंमत होती ४९९ डॉलर. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने चाळीस हजारांच्या वर, कर आणि कस्टम वेगळं. वजन अडीच किलो. दिसायला जाडजूड थर्मास. आत भिंग आहे ते फक्त ५० मिलिमीटरचं, आपल्या हातातल्या बांगडीपेक्षाही लहान! आणि गंमत म्हणजे डोळा लावायची सोयच नाही. जे दिसायचं ते मोबाइलच्या पडद्यावर. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या तेच खरं, ‘‘हे त टीव्हीच व्हय!’’

दुधाची बासुंदी

ही दुर्बीण काम कशी करते ते सांगते. तिपाई अंगणात सपाट जागी ठेवायची, बटण दाबायचं, मोबाइल तिच्या वायफायला जोडायचा. पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट लागतं, नंतर नाही. मग ‘मृग नक्षत्रातला तेजोमेघ’ असं निवडलं, की ती आपली मान वर काढते, आभाळाचा एक फोटो घेते, त्यातले तारे आपल्या पोटातल्या नकाशाशी ताडून बघते आणि ‘मी इथे आहे, मला तिकडे जायचंय’ हे स्वतःच ठरवून वळते. नकाशात पाहून ताऱ्यावर नेम धरायचा, हे शिकण्यात पूर्वी हौशी लोकांचे महिनेच्या महिने जायचे. इथे मिनिटभरात काम होतं.

खरी करामत पुढे आहे. ती दहा-दहा सेकंदांचे फोटो काढत राहते आणि एकावर एक रचत जाते. दहा सेकंदांच्या एका फोटोत खरा प्रकाश थोडा आणि कॅमेऱ्याची खरखर फार. खरखर प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असते, तेजोमेघ मात्र प्रत्येक फोटोत त्याच जागी. शेकडो फोटोंची सरासरी काढली, की खरखर विरते आणि खरं चित्र वर येतं. आपण दूध आटवतो ना, तसंच! पाणी उडून जातं आणि बासुंदी उरते. पण आटवायला वेळ लागतो, तसा इथेही लागतो. चित्र दुप्पट स्वच्छ हवं असेल, तर वेळ चौपट द्यावा लागतो. एका तासाचे दहा सेकंदांनी ३६० फोटो होतात, त्यातले वाऱ्याने किंवा ढगाने बिघडलेले ती बाजूला टाकते.

आता तिचे उणे मुद्देही सांगते. गुरू, शनी बघायला ही दुर्बीण नाही. तिचं भिंग दूरवरचं मोठं करून दाखवत नाही, त्यामुळे शनीची कडी म्हणजे ठिपक्याला फुटलेले कानच. देवयानी दीर्घिका एका चौकटीत मावत नाही, तुकड्या-तुकड्यांनी जोडावी लागते. तासभर एकाच जागी धरलं, की आभाळ फिरतं तशी चौकट तिरपी होते आणि कडा कापाव्या लागतात. शनीच्या कड्यांवर जीव असेल, तर डोळा लावून बघायची साधी, मोठ्या तोंडाची दुर्बीण बरी. अंधुक, पसरट, दूरच्या गोष्टी हे हिचं माहेर. म्हणजे तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका.

तिकांडं आणि घोड्याचं तोंड

पहिली चांगली रात्र मिळाली ती मार्गशीर्ष अमावस्येची. आमचा बुलडाणा जिल्हा दोन मजली आहे, घाटाखालचा आणि घाटावरचा. आम्ही घाटावरचे. डिसेंबरात इथे हात गारठतात. पण ढग नाहीत, धूळ बसलेली आणि चंद्र नाही. आभाळाच्या दृष्टीने याहून चांगला मुहूर्त नाही.

कृत्तिकेपासून सुरुवात केली. नुसत्या डोळ्यांना सहा-सात ताऱ्यांचा पुंजका दिसतो. पडद्यावर तिथे बघता बघता शंभरेक तारे उमटले, आणि मोठ्या ताऱ्यांभोवती निळसर धुकं. तो प्रकाश इथे पोचायला सुमारे ४४० वर्षं लागतात. म्हणजे तो निघाला तेव्हा आपल्या सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्मही व्हायचा होता!

मग देवयानी. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. लोणारचं सरोवर आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, सहल म्हणून नाही तर देवदर्शनाला म्हणून. आभाळातून आलेल्या दगडाने काळ्या बसाल्टात पाडलेला तो पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा एका मोजणीनुसार ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा आहे. देवयानीचा हा प्रकाश निघाला तेव्हा लोणारही नव्हतं. मोबाइलच्या पडद्यावरच्या त्या लंबगोल धुराकडे बघताना हे मनात आलं आणि शाल जरा घट्ट ओढून घेतली.

तोवर मृग वर आला होता. मृगाच्या पोटातले ओळीतले तीन तारे आपल्याकडची जुनी माणसं बरोबर ओळखतात. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे त तिकांडं! आमचे बाबा रात्री ओलिताला जायचे त घड्याळ नव्हतं, तिकांडं पाहूनच घरी यायचे.’’ त्यांना खुर्ची दिली. तिकांड्याखालचा तेजोमेघ पडद्यावर पहिल्या दहा सेकंदांतच उमटला आणि दहा मिनिटांत गुलाबी-जांभळा झाला. डोळ्याने दुर्बिणीतून पाहिला तर हाच मेघ राखाडी दिसतो, कारण अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. कॅमेऱ्याला कळतो. तिथे नवे तारे जन्माला येतात. एक प्रकारे बाळंतिणीची खोलीच ती. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं. तो उजेड निघाला तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

या मेघाचा पहिला फोटो काढला अमेरिकेतल्या हेन्री ड्रेपर या डॉक्टरने, ३० सप्टेंबर १८८० ला. काचेच्या पट्टीवर ५१ मिनिटं प्रकाश साठवावा लागला. वेधशाळेच्या कामात त्याच्या बरोबरीने राबायची ती त्याची बायको, ॲना. दोनच वर्षांत तो गेला. ॲनाने त्याचं काम हार्वर्डच्या वेधशाळेला सोपवलं, पैसा दिला, आणि त्या पैशातून ताऱ्यांच्या काचपट्ट्या तपासायला ज्यांना पगार मिळाला, त्या सगळ्या बायका होत्या.

त्यातली एक विल्यमिना फ्लेमिंग. तिची गोष्ट मला फार जवळची वाटते. स्कॉटलंडहून नवऱ्याबरोबर बोस्टनला आलेली. पोटुशी असताना नवरा सोडून गेला. पोटासाठी तिने घरकाम धरलं, ते नेमकं वेधशाळेच्या संचालकाच्या, पिकरिंग यांच्या घरी. तिची हुशारी बघून त्यांनी तिला वेधशाळेत कामाला घेतलं. तिने पुढे दहा हजारांहून जास्त ताऱ्यांचं वर्गीकरण केलं. १८८८ मधल्या एका काचपट्टीवर तिला तिकांड्याच्या खालच्या ताऱ्याजवळ एक काळी खाच दिसली. तोच आज जगभर गाजलेला घोड्याच्या तोंडाचा तेजोमेघ. पण १८९५ च्या यादीत हा शोध छापून आला, तेव्हा नाव होतं फक्त ‘पिकरिंग’. कामवालीपासून वर आलेल्या बाईचं नाव गाळलं गेलं.

त्या रात्री मी दुर्बीण तिकडेच वळवली. हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा निळसर-हिरवा उजेड तेवढा आत घेणारी गाळणी या यंत्रात आहे, ती लावली. दहा मिनिटांनी नुसता लालसर डाग. अर्ध्या तासाने डागात एक काळा खड्डा. तासाने सासूबाई म्हणाल्या, ‘‘हे घोड्याचं तोंड होय का वं?’’ आमच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या शेजारी, फ्लेमिंगबाईंचा घोडा उतरला होता. सोन्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

वऱ्हाडात आलेली ॲनी

तुम्ही म्हणाल, या सगळ्या परदेशातल्या गोष्टी. तर आता आपल्या विदर्भातली ऐका.

२२ जानेवारी १८९८ ला महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला आपली यंत्रं घेऊन गेले. आणि धामणगाव-पुलगावच्या मधल्या तळणी या छोट्या रेल्वे स्टेशनाजवळ इंग्लंडहून हौशी खगोलप्रेमींची एक तुकडी येऊन उतरली. त्यात ॲनी माँडर होती.

ॲनी गणित शिकलेली. ग्रिनिचच्या वेधशाळेत महिना चार पौंडांवर आकडेमोड आणि सूर्याचे फोटो काढायचं काम करायची. १८९५ मध्ये लग्न झालं आणि नोकरी सुटली, कारण लग्न झालेल्या बाईने सरकारी नोकरीत राहायचं नाही असा तिकडे नियम होता. (आपल्याकडे नियम नसतानाही किती जणींच्या सुटतात, ते वेगळं.) पण काम तिने सोडलं नाही. कॉलेजकडून मिळालेल्या मदतीतून तिने स्वतःचा छोटा कॅमेरा करवून घेतला. त्याचं भिंग दीड इंचाचं. म्हणजे माझ्या दुर्बिणीहूनही लहान! सगळे मोठाली यंत्रं लावून बसले होते. ग्रहणाची ती जेमतेम दोन मिनिटं. आणि सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेला, सूर्याच्या व्यासाच्या कितीतरी पट लांब गेलेला किरण सापडला तो ॲनीच्या छोट्या कॅमेऱ्यात. तेवढा लांब किरण त्याआधी कुणाच्या फोटोत आला नव्हता.

लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ मध्ये बाई म्हणून तिला नाकारलं होतं. १९१६ मध्ये सभासद करून घेतलं. मधल्या चोवीस वर्षांत ती काम करतच राहिली. भिंग लहान असलं तरी नेमकं काय टिपायचं हे ठाऊक असलं, की काम होतं. तळणी आमच्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर. तिथल्या किती जणींना हे माहीत असेल?

काकूंचा फ्लडलाइट

आता खरी अडचण सांगते. ती थंडीची नाही, झोपेची नाही, लोक काय म्हणतील याचीही नाही. ती उजेडाची आहे.

आमच्या अंगणाच्या पूर्वेला शेजारच्या काकूंचं घर. त्यांच्या गच्चीवर एलईडीचा मोठा फ्लडलाइट, तोंड सरळ आमच्याकडे. पूर्वेकडून उगवणारा प्रत्येक तारा त्या पांढऱ्या उजेडातून वर यायचा. फोटोत एका बाजूला दुधी पडदा. तुम्ही म्हणाल, सांगायचं ना बंद करायला! पण कसं सांगणार? काकूंची मुलगी नर्स. तिची ड्यूटी सुटते रात्री, आणि गल्ली अंधारी. अंधार म्हटलं, की तुमच्या-माझ्या पोटात गोळा येतो. पहाटे उजाडायच्या आत आणि रात्री अंधार पडल्यावर बाहेर जावं लागणाऱ्या बायकांच्या किती पिढ्यांनी ही भीती सोसलीय. चार तारे दिसावेत म्हणून एका मुलीच्या वाटेवरचा दिवा मालवायचा, हे मला पटणारं नव्हतं.

म्हणून एका रात्री काकूंना घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. म्हटलं, ‘‘काकू, दिव्याखाली भिंतीपाशी कोण उभं आहे ते सांगा बरं.’’ काकूंनी डोळे बारीक केले. काही दिसेना. तिथे उभा होता माझा मुलगा! उजेड थेट डोळ्यात गेला, की दिव्यामागचा माणूस दिसतच नाही. मग काकूंनी कपाळावर हात धरून दिव्याला आडोसा केला, आणि तो लगेच दिसला. म्हणजे तो दिवा आभाळ तर पांढरं करत होताच, पण मुलीच्या वाटेवरही नीट पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्याला टोपी केली, आतून पांढरा रंग दिला आणि दिव्याचं तोंड खाली केलं. सगळा उजेड गल्लीत. काकूंची मुलगी म्हणाली, ‘‘वहिनी, आता गटाराची कडापण दिसते.’’ आणि माझ्या अंगणात पूर्वेचं आभाळ काळं झालं. उजेड हवा की अंधार, असा तो प्रश्न नव्हताच. उजेड कुठे पडतो, एवढाच होता.

हे काही माझ्या एकटीचं वेड नाही. नागपूरजवळचा पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. गावं अंधारात गेली नाहीत. लडाखमधल्या हान्ले इथे २०२२ मध्ये अंधाऱ्या आभाळाचं राखीव क्षेत्र केलं, तिथे गावातल्या लोकांना दुर्बिणी देऊन पर्यटकांना आभाळ दाखवायला शिकवलं. त्यात बायका मोठ्या संख्येने आहेत. आभाळ दाखवून घराला हातभार! लोणारला येणाऱ्या पाहुण्यांना दिवसा खड्डा दाखवतात. रात्री तो खड्डा ज्या आभाळातून आला ते आभाळ दाखवायला काय हरकत आहे? आमच्या गावांना अजून थोडा अंधार शिल्लक आहे, तोवरच हे जमेल. २०१६ मध्ये झालेल्या जगभराच्या अभ्यासात दिसलं, की जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसतच नाही.

आमच्या चौकातला हायमास्ट अजून तसाच आहे. पश्चिमेचं आभाळ त्याच्यामुळे धुतल्यासारखं पांढरं. बचत गटाच्या बैठकीत आम्ही अर्ज लिहिला. ‘दिवे काढू नका, दिव्यांना टोप्या घाला आणि पिवळसर दिवे लावा.’ खाली बावीस सह्या, त्यात पहिली काकूंची. उत्तर यायचंय.

तुम्हालाही पाहायचंय?

दुर्बीण घ्यायलाच हवी असं मुळीच नाही. पैसे न घालता सुरू करता येतं.

* भिंतीवरचं कॅलेंडर बघा. अमावस्येच्या आधीचे आणि नंतरचे चार-पाच दिवस उत्तम. पौर्णिमेला तारे शोधू नका, चंद्र सगळं गिळतो.
* घरातले दिवे मालवून वीस मिनिटं बाहेर थांबा. डोळे अंधाराला सरावल्यावर दुप्पट तारे दिसतात. मधेच मोबाइल उघडला, की पुन्हा पहिल्यापासून.
* मार्गशीर्ष-पौषात पूर्वेला मृग आणि कृत्तिका. चैत्रात उत्तरेकडे सप्तर्षी, म्हणजे आपल्या आजीची म्हातारीची बाज आणि तिच्यामागचे तीन चोर. त्यातल्या मधल्या चोराशेजारी बारीक तारा दिसतो का बघा. मोठा वसिष्ठ, बारकी अरुंधती. आभाळातली फोटोत आलेली पहिली ताऱ्यांची जोडी हीच, १८५७ मध्ये. पुढे कळलं, की वसिष्ठ एकटा नाही, चार तारे आहेत आणि अरुंधती दोन. एकत्र कुटुंबच!
* जमलं तर १०x५० ची द्विनेत्री घ्या, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण. कृत्तिका आणि चंद्रावरचे खड्डे तिच्यातूनही सुरेख दिसतात.
* मोबाइलमध्ये ‘नाइट मोड’ असेल, तर तो डब्याला टेकवून स्थिर ठेवा आणि टायमर लावा. मृगाचा फोटो नक्की येतो.
* कोणतीही दुर्बीण किंवा कॅमेरा सूर्याकडे कधीच वळवू नका. त्यासाठी वेगळी खास गाळणी लागते. डोळा गेला तर परत येत नाही.

आणि हो, एकटीने बसायला भीती वाटत असेल, तर शेजारणीला बोलवा. आमच्याकडे आता अमावस्येला चौघी-पाच जणी येतात. कुणी भुईमुगाच्या शेंगा आणते, कुणी चहाचा थर्मास. घरचं सगळं आवरून झाल्यावरचे ते दोन तास आमचे. त्या वेळात कुणी पाणी मागत नाही की डबा मागत नाही. येत्या अमावस्येला तुम्हीही वर बघा. आधी तुमच्या गल्लीतला एक दिवा कुठे पडतो, ते मात्र पाहून ठेवा.